हाताच्या पट्ट्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या बॉक्सिंग क्लासच्या संध्याकाळच्या बॅचला नवीन पोट्टे आले की पहिले पंधरा दिवस माझा फोन याच प्रश्नांनी भरतो. कोणी दुकानातून फोटो पाठवून "ताई, ही घेऊ का?" विचारतं, कोणाच्या आईचा फोन येतो की हात बांधून मारायची ही कसली पद्धत. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. कोणी "रॅप" म्हणतं, जुनी मंडळी "बँडेज" म्हणतात, आमच्याकडे सरळ "पट्टी". वस्तू एकच: ग्लोव्हजखाली हाताला गुंडाळायची लांब कापडी पट्टी.

१. पट्टी बांधायलाच हवी का? ग्लोव्हजमध्ये एवढी गादी असते ना!

गादी ग्लोव्हजची, बांधणी पट्टीची. हा फरक कळला की पुढचे अर्धे प्रश्न पडत नाहीत.

एका हातात २७ हाडं असतात. त्यातली पंजातली पाच लांब हाडं एकमेकांना घट्ट चिकटलेली नसतात. खराटा डोळ्यासमोर आणा. बांध सुटलेल्या खराट्याने अंगण झाडलं तर काड्या फाकतात आणि कडेची काडी आधी मोडते. मुठीचंही तसंच होतं. ठोसा बसला की ही हाडं फाकू पाहतात आणि करंगळीच्या मुळाशी असलेलं हाड गाठीच्या जरा खाली मोडतं. डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. नाव बॉक्सरचं, पण रागाच्या भरात भिंतीवर किंवा कोणाच्या डोक्यावर बुक्की मारणाऱ्यांचंच ते जास्त मोडतं.

पट्टी म्हणजे त्या खराट्याचा बांध. शिवाय ती मनगट सरळ ठेवते, अंगठा जागेवर धरते आणि घाम शोषून ग्लोव्हजचं आयुष्य वाढवते.

२. १०८ इंच, १२० इंच, १८० इंच असं लिहिलेलं असतं. कोणती घेऊ?

मोठ्या माणसाने १८० इंच, म्हणजे साधारण साडेचार मीटर. हात लहान असेल तर १२० इंच, म्हणजे तीन मीटर. १०८ इंची, पावणेतीन मीटरची, मुलांसाठी ठीक. रुंदी बहुतेक सगळ्यांची ५ सेंटिमीटरच असते.

दुकानदार बहुधा आखूड पट्टी पुढे करतो, कारण ती स्वस्त असते आणि गिऱ्हाईक पटकन हो म्हणतं. मोठ्या हाताला ती मनगटावर दोन वेढे आणि मुठीवर दोन वेढे होईपर्यंत संपते, बोटांमधून काढायला उरतच नाही. लांब पट्टी जास्त वाटली तर मनगटावर दोन वेढे वाढवता येतात. आखूड पट्टी ओढून लांब होत नाही.

३. साधी सुती की ताणणारी?

ताणणाऱ्या पट्टीला बाजारात "मेक्सिकन" म्हणतात. सुतात थोडं इलॅस्टिक विणलेलं असतं, इतकंच. ती हाताला छान बसते, सुरकुत्या पडत नाहीत. पण नवख्याच्या हातात ती नेहमी जास्त घट्ट होते, कारण ओढली की येतच राहते. साध्या सुती पट्टीला ताण नसतो. ती नीट बांधायला शिकावं लागतं, आणि शिकायचंच तर आहे!

माझं मत: पहिले तीन महिने सुती. नंतर हवी ती घ्या. सुती पट्टी धुवायलाही सोपी आणि नागपूरच्या उन्हात टिकते. इलॅस्टिकचं काय होतं ते प्रश्न १३ मध्ये आहे.

४. दुकानात काय बघून घ्यायची?

पाकीट उघडून दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही. सीताबर्डीला खेळाच्या सामानाच्या दुकानांत कोणी नाही म्हणत नाही. अंगठ्याच्या फासाची शिवण ओढून बघा, कारण पट्टी तिथेच आधी उसवते. शेवटचा वेल्क्रो बोटभर लांब असेल तर सोडून द्या, चार बोटं तरी हवा. कडा विणलेल्या असाव्यात, नुसत्या कापलेल्या नाहीत. कापलेल्या कडेचे दोरे दुसऱ्याच धुण्यात निघतात.

५. मेडिकल स्टोअरमधलं क्रेप बँडेज नाही चालणार? घरीच आहे.

नाही. मुरगळलेल्या घोट्याला सूज येते-जाते, त्याप्रमाणे सैल-घट्ट व्हावं म्हणून ते बनवलेलं असतं. पट्टीकडून आपल्याला नेमकं उलट हवं असतं. ठोसे मारायच्या टांगलेल्या बॅगवर दहा मिनिटांत क्रेपची दोरी होते.

६. ताई, मग गांधीबागेतून कापड आणून घरीच शिवली तर?

चालते, आणि मला हा प्रश्न आवडतो. माझी पहिली पट्टी आजोबांच्या जुन्या धोतराची होती. लांबी आयतीच मिळाली. आईने काठाला धरून उभी टरकावली, तो फाटल्याचा लांबलचक आवाज मला अजून आठवतो. आजोबांना आठवडाभराने कळलं.

करायची असेल तर मांजरपाट घ्या. मलमल नको, ती घामाने गोळा होते. कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून आटवून घ्या, नाहीतर साडेचार मीटरची पट्टी पहिल्या धुण्यात आखूड होईल. साडेसहा सेंटिमीटर रुंद कापा आणि दोन्ही कडा बारीक दुमडून शिवा, म्हणजे ५ उरतील. कापड लांबीच्या धाग्याने कापायचं. आडवं कापलं तर तुकडे जोडावे लागतील आणि जोडाची जाड शिवण ठोश्याखाली रुतेल. टोकाला अंगठ्याचा फास, दुसऱ्या टोकाला वेल्क्रो. ब्लाउज शिवणारी कोणतीही मावशी अर्ध्या तासात जोडी करून देते.

स्पर्धेसाठी मात्र ही नको. प्रश्न १८ बघा.

७. हातमोज्यासारखे जेलवाले रॅप मिळतात. ते काहून नाही घ्यायचे? बांधायची कटकटच नाही.

घ्या की, पण कशासाठी ते ठरवा. ऑफिसातून धावतपळत येऊन वीस मिनिटं हलकी बॅग मारायची असेल तर ठीक आहेत. गादी देतात, बांधणी देत नाहीत. बऱ्याचशांचा मनगटाचा पट्टा एकच वेढा घेतो. कंपनीने तुमच्या मुठीचं माप घेतलेलं नसतं, पट्टी मात्र तुमच्या मुठीवरच बांधली जाते. स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत खेळताना, मी ते चालवून घेत नाही.

८. बांधायची कशी? व्हिडिओत सगळे वेगवेगळं दाखवतात.

पद्धती पन्नास आहेत, क्रम मात्र ढोबळमानाने एकच: मनगट, मूठ, बोटं, अंगठा, पुन्हा मूठ, पुन्हा मनगट. १८० इंचीसाठी सांगते.

बोटं पूर्ण फाकवा, जोर लावून, जणू कोणाला "पाच" दाखवताय. मनगट सरळ. फास अंगठ्यात घाला आणि पट्टी पंजाच्या पाठीवरून तिरपी मनगटाकडे न्या. तळहाताकडून सुरुवात केली तर मूठ आवळताना फास सुटतो. बऱ्याच पट्ट्यांवर फासाजवळ "ही बाजू खाली" असं इंग्रजीत छापलेलं असतं. ती बाजू कातडीला लागली की शेवटी वेल्क्रो बरोबर वर येतो.

मनगटावर तीन वेढे. प्रत्येक वेढा आधीच्याचा अर्धा भाग झाकेल असा. मग पाठीवरून तिरपं वर या आणि मुठीच्या गाठींवर तीन वेढे. गाठी म्हणजे बोटं जिथून सुरू होतात ते उंचवटे. पट्टी त्याच्या पुढे, बोटांवर गेली तर मूठ मिटणार नाही.

आता बोटं. अंगठ्याच्या मुळापासून निघून करंगळी आणि अनामिका यांच्या मधून तळहाताकडे, तिथून परत अंगठ्याच्या मुळाशी. मग अनामिका आणि मधलं बोट. मग मधलं आणि तर्जनी. पाठीवर तीन तिरप्या रेघा दिसल्या पाहिजेत. इथे घाई करू नका. बोटांच्या बेचक्यात पट्टीची वळकटी झाली तर तिसऱ्या राउंडला ती सुरीसारखी लागते. तर्जनीने सपाट करत न्या.

अंगठ्याला एक वेढा, मग मुठीवर पुन्हा दोन किंवा तीन, उरलेलं सगळं मनगटावर आणि वेल्क्रो.

उजवा हात बांधताना डावा हात अडखळतो. सगळ्यांचाच अडखळतो. घरी बातम्या बघताना बांधा-सोडा करा, पंधरा दिवसांत न बघता जमेल. मी पहिल्या महिन्यानंतर कोणाचीही पट्टी बांधून देत नाही. हात तुमचा, कुठे आवळतंय ते तुम्हालाच कळतं.

९. किती घट्ट बांधायची?

बोटं सरळ असताना आरामशीर, मूठ आवळली की घट्ट. उघड्या हातालाच घट्ट वाटत असेल तर मुठीत जास्तच आवळेल.

बांधून झाल्यावर नख दाबा. पांढरं होईल. सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. उशीर लागला, मुंग्या आल्या किंवा बोटं थंड पडली तर सोडून पुन्हा बांधा. "होईल सैल" म्हणून खेळू नका. मे महिन्यात हात सुजल्यासारखे जड होतात आणि सकाळी सहाला बरोबर वाटलेली पट्टी सात वाजता आवळते. उन्हाळ्यात एक बोटभर सैलच बांधा.

१०. माझी पट्टी दुसऱ्या राउंडलाच सैल होते.

बहुतेक वेळा दोष बांधण्यात नाही, गुंडाळी करण्यात असतो. पिशवीतून चुरगळलेली पट्टी काढली तर ती सुरकुतलेलीच बसते. धुऊन वाळल्यावर वेल्क्रोच्या टोकापासून घट्ट गुंडाळी करा, फास सगळ्यात बाहेर येईल. बांधताना गुंडाळी हातावर लोळवत न्या. हवेत मीटरभर लोंबकळत ठेवून बांधणारे पोट्टे मी रोज बघते.

दुसरं कारण म्हणजे बोटं न फाकवता बांधणं. तिसरं, कातडीवर लावलेलं खोबरेल तेल. हसू नका, हिवाळ्यात खरंच होतं.

११. पट्टी बांधली की ग्लोव्हज जात नाहीत.

ग्लोव्हज पट्टी बांधून विकत घ्यायचे असतात. घेऊन झाले असतील तर पट्टीचे मुठीवरचे वेढे कमी करा, मनगटावरचे नको. तरीही जात नसतील तर ग्लोव्हज बदला. पट्टी सोडून देणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

१२. हातात गंडा आहे, काढायचा नाही असं घरी सांगितलंय. राखी आहे. अंगठी निघत नाही. मेंदी काढली आहे.

हे चार वेगवेगळ्या लोकांचे प्रश्न, एकत्र उत्तर देते.

सुताचा गंडा किंवा राखीचा साधा दोरा पट्टीखाली चालतो, गाठ मनगटाच्या बाजूला सरकवा, हाडावर नको. मणी, कवडी, धातूचा लोलक असलेली राखी नाही. कडं नाहीच.

अंगठी कोणत्याही सबबीवर नाही, पट्टीखालीही नाही. बोट सुजलं तर ती कापून काढावी लागते. साबणाने निघत नसेल तर सराव सुरू करण्याआधी सोनाराकडे जा.

मेंदीला पट्टीने काही होत नाही. मेंदीने पट्टीला होतं. पहिले दोन दिवस जुनी पट्टी वापरा.

१३. किती वेळा धुवायची, कशी धुवायची?

प्रत्येक सरावानंतर. म्हणून दोन जोड्या लागतात: एक हातावर, एक दोरीवर.

हाताने धुणं सर्वांत बरं. कोमट पाणी, साधी कपड्यांची पावडर, पंधरा मिनिटं भिजत, चोळून खळखळून काढा. मशीनमध्ये टाकायची तर वेल्क्रो लावून, जाळीच्या पिशवीत. मोकळी टाकली तर साडेचार मीटरचा साप घरच्या सगळ्या कपड्यांना गुंडाळून बाहेर येतो आणि मग आईचे फोन मला येतात. फॅब्रिक कंडिशनर नको, पट्टी गुळगुळीत होऊन घसरते. ब्लीचने सूत कमकुवत होतं, इलॅस्टिक तर मरतंच.

वाळवताना सुती पट्टी गच्चीवर उन्हात घातली तरी चालते. इलॅस्टिकवाली सावलीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, गच्चीचा कठडा त्याहून तापतो. त्यावर रोज पसरलेली ताणणारी पट्टी एका उन्हाळ्यात वातड होते.

१४. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. कूलरसमोर टाकली तर अजूनच ओली वाटते!

वाटणारच. कूलर पाणी उडवूनच हवा गार करतो, ती हवा दमट असते. कूलरची मोटर बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, मग वाळेल. छताच्या पंख्याखाली दोरी बांधून पूर्ण लांब सोडा, घडी घालून नको. धुतल्यावर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळली तर निम्मं काम तिथेच होतं.

घामाची पट्टी ग्लोव्हजमध्ये कोंबून पिशवीत ठेवणं हा मात्र गुन्हा आहे. त्या वासावर अगरबत्ती, पावडर, परफ्युम, कशाचाच उपाय नाही. घरी पोहोचल्याबरोबर पट्टी बाहेर, ग्लोव्हज उघडे करून पंख्याखाली.

१५. मित्राची पट्टी वापरली तर काय बिघडतं? बोटांमध्ये खाजतंय.

प्रश्नातच उत्तर आहे. नायटा ओल्या कापडातून पसरतो. पट्टी म्हणजे टॉवेलसारखी, ज्याची त्याची. खाज असेल तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असलं तर खाज थांबते आणि नायटा आतल्या आत वाढतो. बरं होईपर्यंत पट्टी रोज गरम पाण्यात धुवा आणि क्लासचे ग्लोव्हज वापरू नका.

१६. मुलींसाठी वेगळी पट्टी असते का? आणि लहान मुलांना कितव्या वर्षापासून?

गुलाबी रंग सोडला तर नाही. फरक हाताच्या मापाचा आहे, त्यासाठी प्रश्न २ बघा. आपल्याच नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमधल्या किल्स इथे युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोवरील गटात सुवर्ण जिंकलं. तेव्हापासून क्लासला मुलींच्या रांगा लागतात आणि "पोरीचा हात नाजूक असतो" म्हणणारे बाबा कमी झालेत, पूर्ण संपले नाहीत.

मुलांचं म्हणाल तर वय बघू नका. बॅगवर किंवा प्रशिक्षकाने हातात धरलेल्या पॅडवर ठोसा मारायला लागले की त्याच दिवसापासून पट्टी. फक्त पायांची चाल आणि हवेतले ठोसे चालले असतील तर गरज नाही. मुलांना वेढे कमी, सैल, आणि दर दहा मिनिटांनी बोटांचा रंग बघा, कारण ती सांगत नाहीत.

१७. मनगट दुखतंय. पट्टी जाड करून खेळू का?

नाही. इथे मी थोडं लांब बोलणार, कारण हे मी स्वतः करून बसले आहे.

मी विशीत असताना मला मुठीवर गादीचं वेड होतं. पट्टीखाली जुन्या मोज्याची घडी घालायची आणि त्यात पट्टी संपून मनगटावर जेमतेम एक वेढा उरायचा. एका संध्याकाळी जड बॅगवर हूक, म्हणजे बाजूने वळवून ठोसा, मारताना मनगट आत दुमडलं. आवाज नाही, काही नाही. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबल्यावर दुखायचं. एक्स-रे स्वच्छ आला. मी खूश होऊन पुन्हा खेळले, पट्टी दुप्पट जाड करून. पुढच्या एक्स-रेत रेघ दिसली.

त्या खळग्याखाली स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, म्हणून डॉक्टर १० ते १४ दिवसांनी पुन्हा काढायला सांगतात. त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने दुर्लक्ष केलं तर ते जुळत नाही. तेव्हा त्या खळग्यात दुखत असेल तर मेडिकल किंवा मेयो ही आपली सरकारी रुग्णालयं, नाहीतर तुमचे नेहमीचे हाडांचे डॉक्टर, पण जा. गाठी सुजल्या, करंगळीची गाठ आत बसल्यासारखी दिसली, मूठ मिटताना करंगळी शेजारच्या बोटावर चढली, तरीही तेच.

पट्टी चांगल्या हाताला चांगलं ठेवते. मोडलेल्याचं प्लास्टर होत नाही. आणि मनगट दर आठवड्याला दुखत असेल तर बांधणी बरोबर असूनही ठोसा वाकडा बसतो आहे, पॅडवर माझ्यासमोर मारून दाखवा.

१८. स्पर्धेत स्वतःची पट्टी चालते का? आत थोडा कापूस ठेवला तर?

हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत साडेचार मीटरपेक्षा लांब पट्टी चालत नाही, आणि पट्टीखाली काहीही ठेवायला मनाई असते. मुष्टियोद्ध्याची पट्टी तपासली जाते. जिल्हा, विभागीय, विद्यापीठ अशा प्रत्येक स्पर्धेचे आयोजक आपापल्या सूचना देतात, त्या आदल्या दिवशीच वाचा. मानकापूरच्या क्रीडा संकुलात रांगेत उभं राहून घरची शिवलेली पट्टी सोडायची वेळ आली की हात थरथरतात.

"थोडा कापूस" या प्रश्नावर एक गोष्ट. जानेवारी २००९ मध्ये लॉस एंजलिसला अँटोनियो मार्गारितो या व्यावसायिक बॉक्सरची लढत शेन मोजलीशी होती. लढतीआधी मोजलीच्या प्रशिक्षकांनी मार्गारितोच्या पट्टीत कडक झालेली पॅड पकडली. पट्टी पुन्हा बांधायला लावली, मार्गारितो हरला आणि नंतर त्याचा परवानाही गेला. व्यावसायिक बॉक्सर गॉझ (जखमेवर बांधतात ते जाळीदार कापड) आणि चिकटपट्टी वापरतात, तिथे लबाडीला जागा जास्त, म्हणून समोरच्याचा माणूस शेजारी उभा राहून बघतो. तुमची पट्टी कोणी बघत असेल तर राग मानू नका.

१९. मुए थाई (थायलंडचा लाथा-ठोशांचा खेळ) आणि एमएमएला (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं तो खेळ) हीच पट्टी का?

मुए थाईला हीच, फक्त मान धरून झोंबताना बोटं मोकळी लागतात, म्हणून मुठीवर एक-दोन वेढे कमी. एमएमएचे ग्लोव्हज ४ औंसाच्या आसपास, बोटं उघडी. त्यात १८० इंची जाड बांधणी मावत नाही. सरावाला १०८ इंची वापरा, बोटांमधून एकदाच काढा. नुसती कुस्ती-पकड असेल त्या दिवशी काहीच बांधू नका, वेल्क्रो जोडीदाराच्या गालाला ओरखडतो.

२०. पट्टी फेकायची केव्हा?

फास उसवला तर शिवून घ्या. वेल्क्रो गेला तर बदलून घ्या, शिंपी देतो लावून. पण सुती पट्टी उजेडात धरल्यावर आरपार दिसायला लागली किंवा ताणणारी ओढल्यावर परत येत नसेल तर तिची वेळ झाली. रोज सराव करणाऱ्याला दोन जोड्या साधारण वर्षभर पुरतात.

फेकू मात्र नका. क्लासमधल्या जुन्या पट्ट्यांनी आम्ही बॅगची साखळी गुंडाळतो, म्हणजे ती खडखडत नाही. गाडीवर सामान बांधायलाही झकास. फक्त वेल्क्रो आधी कापून घ्या, सीट फाटते.